हॅलमची पाठ

गॅरेजमधली बिअरची खोकी कोणी फोडत नव्हतं. ग्लेनिस ट्रॅन्टरच्या मनातून ही गोष्ट काही केल्या जात नव्हती.

खोकी रचत रचत फ्रीझरच्या वर गेली होती. तिचा मुलगा कॉरिन रोज कामावरून आला की त्यांच्या शेजारून सरळ आत यायचा, नळाचं पाणी प्यायचा आणि वर जाऊन पडदे ओढून घ्यायचा. बाटली दिसल्यावर मागे हटणाऱ्यांपैकी तो कधीच नव्हता. एकेचाळीस वर्षांचा घोडा, पण शुक्रवारी संध्याकाळी अजून शाळा सुटल्यासारखा पबकडे धावायचा.

"अरे, किती दिवस ठेवणार आहेस ही? मला फ्रीझरचं झाकण उघडता येत नाही."

"राहू दे गं आई. सिनेमा संपला की सगळ्यांना एकदम बोलावतो."

"तोवर तिचं रॉकेल होईल."

"मग तू पी," म्हणून तो हसला, आणि हसता हसता त्याने भिंतीला हात टेकला. ऑक्टोबर महिना होता, बाहेर सूर्याचा पत्ता नव्हता, आणि स्वयंपाकघरात उभ्या या माणसाच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता.

दुसऱ्या कुणाला या खोक्यांत काही दिसलं नसतं. पण ग्लेनिस स्टंटवाल्याची आई होती. पडद्यावरच्या मारामारीत ठोसा हनुवटीच्या वीतभर अलीकडून जातो. मार खाणारा मान झटकतो, गडगडतो, आवाज मागाहून भरतात. पण चुकून ठोसा खरोखर बसलाच, तर मारणाऱ्याने दुसऱ्या दिवशी बिअरचं एक खोकं आणून द्यायचं अशी या लोकांची रीत होती. ज्याला लागलं त्याने ते त्याच आठवड्यात सगळ्यांसमोर फोडायचं. पहिली बाटली मारणाऱ्याच्या हातात द्यायची आणि "चष्मा लाव रे आंधळ्या" म्हणून त्याची मनसोक्त खेचायची. बाटल्या रिकाम्या झाल्या की ठोसा मिटला. त्याबद्दल पुन्हा कुणी अवाक्षर काढायचं नाही, आणि कंपनीच्या नर्सकडे तर नाहीच नाही.

न फोडलेलं खोकं म्हणजे न मिटलेला ठोसा. आणि इथे तर त्यांची भिंत उभी राहिली होती.

विक्सहॅम गावाला लागूनच स्टुडिओ. गावातला निम्मा माणूस हॅलम या पडद्यावरच्या गुप्तहेराच्या जिवावर जेवायचा. कुणी त्याच्या राजवाड्यांच्या भिंती प्लॅस्टरने ओतायचा, कुणी त्याच्या एकाच सुटाच्या डझनभर जोड्या शिवायची, कुणी त्याची मोटार रोज सकाळी पुसायचा आणि दुपारी दरीत ढकलायचा. हॅलमचा पहिला सिनेमा आला तेव्हा ग्लेनिस शाळेत होती. त्यानंतर नट बदलले, शत्रू बदलले, देशांचे नकाशे बदलले. हॅलम मात्र चाळिशीच्या पुढे कधी गेला नाही.

कॉरिन लहानपणापासूनच पडायला शिकला. चर्चच्या हॉलच्या छपरावरून कुंपणात उडी मारणं हा त्याचा खेळ. शाळेत त्याच्याहून दोन वर्षांनी मोठ्या मुलाने त्याचं नाक फोडलं, तेव्हा सदऱ्यावर रक्ताचा नकाशा घेऊन तो हसत घरी आला होता. "आई, त्याला वाटतंय त्याने मला पाडलं. पडलो मी!" ग्लेनिस त्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. मुलगा कॉलेजात जाईल, निदान प्रयोगशाळेतलं काही करेल, अशी तिची आशा होती. पण ज्युदोच्या वर्गात लेस पिकरिंगने त्याला पाहिलं. लेस म्हणजे हॅलमच्या सिनेमांचा फाइट मास्टर. त्याने ग्लेनिसच्या दारात उभं राहून टोपी काढली आणि म्हणाला, "ग्लेनिस, मारणारे मला पैशाला पासरी मिळतात. मार खाणारा मिळत नाही. हा पोरगा मार खातो तेव्हा बघणाऱ्याच्या पोटात कळ येते."

पहिल्याच वर्षी त्याला खिडकीतून बाहेर फेकला. काच साखरेची होती, पण चौकट खरी निघाली, आणि बरगड्या मोडल्या. पुढच्या वर्षी पाठीला आग लावून त्याला बंदरावर पळवला, आणि ग्लेनिसने दोन महिने त्याच्या मानेवरचे फोड पुसले. मग रॉडरिक हेल हा नवा हॅलम आला. उंच, रुबाबदार, पियानो वाजवणाऱ्यासारख्या बोटांचा. माणूस भला होता, पण त्याला ठोसा मारता येत नव्हता, तो दार जोरात लावायलाही बिचकायचा. मागून पाहिलं तर तो आणि कॉरिन एका साच्यातले. झालं, कॉरिन त्याचा डुप्लिकेट बनला.

पुढची चौदा वर्षं जगाने हॅलमची पाठ पाहिली ती कॉरिनची. तो क्रेनला लोंबकळला, ट्रकमागे फरफटला. जहाजाच्या मुदपाकखान्यात तीन जणांनी त्याला तवे आणि साखळ्यांनी बडवला, त्याने तिघांना उकळत्या हंड्यांवर लोळवलं, आणि शेवटी कॅमेरा फिरून समोर आला तेव्हा हेलसाहेब तिथे उभे राहून कोटाचं बटण लावत होते. ते बटण म्हणजे त्यांच्या हॅलमची खूण. मारामारीच्या आधी एकदा लावायचं, मारामारी संपली की पुन्हा एकदा. थिएटरात बायका सुस्कारे टाकायच्या. मागच्या रांगेत बसलेली ग्लेनिस फक्त पाठीकडे बघायची. डावा खांदा किंचित खाली दिसला की तिला कळायचं, हा माझा. आणि ती रुमाल चावायची. कॉरिनच्या बायकोला हे झेपलं नाही. "मला दवाखान्याच्या फोनची वाट बघत म्हातारी व्हायचं नाही," असं सांगून ती गेली, तेव्हापासून तो आईकडेच राहत होता.

मग हेल म्हातारा झाला. शेवटच्या सिनेमात तो छपरावरून उडी मारायला निघाला तेव्हा लोक हसले. भलत्या जागी हसू आलं की सिनेमा मेला, हे विक्सहॅममधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाव हवालदिल झालं. हॅलम बंद पडला तर काय खायचं? निर्मात्यांनी मग नवा माणूस शोधला तो वेल्सच्या खाणींकडचा, गेथिन प्रोबर्ट. वय तिशीचं, नाक वाकडं, मान बैलासारखी, हौशी बॉक्सिंगमध्ये नाव काढलेला. वर्तमानपत्रांनी त्याला सोलून काढला. पबमध्ये लेसचा ड्रायव्हर म्हणाला, "हा हॅलम? हा तर हॅलमची गाडी धुणारा वाटतो!" नवा दिग्दर्शक मात्र कुणाला भीक घालत नव्हता. लोकांना रक्ताचा वास आला पाहिजे, म्हणाला. तुकडे जोडायचे नाहीत, सलग मारामारी, कॅमेरा दोघांच्या मधोमध. आणि डुप्लिकेट बंद. हॅलम स्वतः लढेल.

कॉरिन त्या बैठकीला गेला तो निरोप घ्यायच्या तयारीने. दिग्दर्शक त्याच्याकडे बघतच राहिला. दोनदा मोडलेलं नाक, कोबीच्या पानासारखा कान, भुवईवरची खूण. "हा चेहरा इतकी वर्षं कुठे होता?" त्याने विचारलं.

"साहेब, दुसऱ्या बाजूला," कॉरिन म्हणाला.

सगळे खो खो हसले आणि त्याला काम मिळालं. सिनेमाचा पहिलाच प्रसंग. हॉटेलच्या तळघरातली लाँड्री. हॅलम अजून हॅलम झालेला नाही, त्याने अजून माणूस मारलेला नाही. तिथे तो पहिला माणूस नुसत्या हातांनी मारतो. तो माणूस म्हणजे कॉरिन.

"आई, तोंड दिसणार! पाच मिनिटं! मरतानाही तोंड कॅमेऱ्याकडे. आणि शेवटच्या पाट्यांमध्ये नाव."

"मरायला कुणी इतकं हसतं का रे?"

"चौदा वर्षं जिवंत राहिलो, तेव्हा कुणी नाव विचारलं का?"

त्या संध्याकाळी ग्लेनिसने त्याचा आवडता, मांस भरलेला स्टेक-पाय भाजला, आणि तो ताट पुसून खाताना बघून तिलाही वाटलं, मिळू दे एकदाचं.

तालमीच्या दिवसांत लेसने तिला बघायला बोलावलं होतं. तळघर लाकडाचं, पण वाफ खरी. ओल्या चादरी दोऱ्यांवर लोंबत होत्या. गेथिन चादरीतून आला आणि त्याने कॉरिनचं डोकं इस्त्रीच्या यंत्रावर आपटलं. कॉरिनने त्याच्या पोटात गुडघा घातला. गेथिनने ओली चादर त्याच्या मानेभोवती पिळून मागे खेचली, कॉरिनचे पाय जमिनीवरून सुटले, चेहरा जांभळा झाला, बोटं हवेत काहीतरी शोधू लागली. मग कोपर, मग कपाळ, मग नाकावर पुन्हा कपाळ. नकली रक्त पांढऱ्या कपड्यांवर उडालं. ग्लेनिसने कधी न घेतलेलं देवाचं नाव घेतलं. "कट!" झाल्यावर दोघे गळ्यात गळा घालून हसायला लागले.

"सगळं वीतभर लांबून चाललंय," लेस म्हणाला.

"मला वीत दिसली नाही, लेस."

लेसने डोकं खाजवलं. "पोरगा बॉक्सर आहे गं. त्याच्या हाताला मारायची सवय, न मारायची नाही. शिकेल हळूहळू."

शिकेपर्यंत गॅरेजमध्ये खोकी येत राहिली.

रविवारी दुपारी, जेवणाच्या आधी, गॅरेजच्या दारावर थाप पडली. ओव्हनमध्ये कोंबडी होती आणि कॉरिन वर अंधार करून झोपला होता. दारात नवा हॅलम उभा होता. लोकरीची टोपी, चिखलाचे बूट, आणि दोन्ही हातांत बिअरचं खोकं.

"मिसेस ट्रॅन्टर? मी गेथिन. कॉरिन आहे का? शुक्रवारचं आणलंय." त्याने खोकं जरा वर उचललं. कान लाल झाले होते.

"झोपलाय. ठेव तिथे, बाकीच्यांच्या शेजारी."

गेथिनने खोक्यांची भिंत पाहिली आणि त्याचं तोंड उतरलं. "ही सगळी माझीच! फोडली नाहीत?"

"नाही. आत ये. चहा घेतोस?"

तो खुर्चीच्या टोकावर बसला. माणूस वाईट नव्हता. चहात तीन चमचे साखर घालणारा, कपाखाली बशी हवी म्हणणारा, कुणाच्या तरी आईने नीट वाढवलेला पोरगा होता.

"तुमच्या मुलाने शुक्रवारी जे केलं ना," तो म्हणाला, "मी आयुष्यात विसरणार नाही. दिग्दर्शक तर अक्षरशः रडला."

"काय केलं?"

"त्याने सांगितलं नाही? कमाल आहे! थांबा, दाखवतोच." तो उठून उभा राहिला आणि ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात लाँड्री उभी करू लागला. "इथे यंत्र. मी त्याचं डोकं आपटतो. तर यंत्राची कड रबराची असते, पण जरा वर लोखंड आहे. माझा हात निसटला आणि डोकं त्या लोखंडावर गेलं. ठण्ण! मला वाटलं, संपलं, आता कट म्हणतील. तो गुडघ्यावर बसला. मी पण थांबलो. कॅमेरा चालूच होता. मग तो सावकाश उठला, मिसेस ट्रॅन्टर, आणि अंगात नुसता बनियन असताना त्याने कोटाचं बटण लावलं."

ग्लेनिसचा हात किटलीवरच राहिला.

"असं! दोन बोटांनी! आणि मग जो काय तुटून पडला माझ्यावर! ठरलेल्यातलं एकही नाही. आधी डावं कोपर, मग पाठ वळवून खाली बसला, माझा हात खांद्यावरून ओढून मला टेबलावर भिरकावला. मग पकडली माझी मान आणि घातलं तोंड वाफेच्या हौदावर. मी खरंच लढायला लागलो. सुचेनाच दुसरं. दोन ठोसे बसले त्याला, हे खोकं त्याचंच. मग एकदम माझ्या हनुवटीला हात लावून काय म्हणाला माहितेय? 'रॉडी, चेहरा वळवू नकोस, हा मी घेतो.'"

"रॉडी."

"हेलसाहेब! जुना हॅलम! दिग्दर्शकाच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. म्हणाला, हा मरणारा माणूस म्हणजे जुना हॅलमच. नवा हॅलम जुन्याला मारून हॅलम होतो. अख्खा सिनेमा या एका क्षणावर उभा करतो, म्हणाला. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कॉरिनला विचारलं, हे तुला सुचलं कसं? तो नुसता हसला." गेथिन खाली बसला आणि चहाचा घोट घेतला. "उद्या शेवट करायचाय. सिंकवर डोकं आपटून मारायचं त्याला. मी म्हटलं, रबराचं सिंक घेऊ. तर तोच म्हणाला, चिनी मातीचंच असू दे, वरून नुसतं पातळ रबर लाव, आणि तू हात राखू नकोस."

ग्लेनिस पाठ करून ग्रेव्ही ढवळत राहिली. डावं कोपर, खाली बसणं, खांद्यावरून फेक, मग हौदावर तोंड. जहाजाचा मुदपाकखाना. त्या मारामारीसाठी तिने स्वतः त्याच्या गुडघ्यांच्या गाद्या शिवल्या होत्या. याच खोलीत, हेच टेबल बाजूला सारून, त्याने ती पन्नास वेळा घोटली होती, आणि प्रत्येक वेळी तो हेलच्या जागी दाराला लटकवलेल्या कोटाला सांगायचा, रॉडी, चेहरा वळवू नकोस. गेथिनला हे कसं कळणार? त्याला वाटलं, कलाकाराला सुचलं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती मारामारी स्वतः पाहिली होती, आणि त्यांनाही तेच वाटलं. डोक्यावर लोखंड बसून माणूस दहा वर्षं मागे गेला, आणि कुणी त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं नाही. टाळ्या वाजवल्या.

"लेस तिथे होता?"

"नाही, शुक्रवारी तो दुसऱ्या युनिटबरोबर होता. गाड्यांचा पाठलाग. उद्या येईल." गेथिन उठला. "कॉरिनला सांगा, हे खोकं तरी फोड. नाहीतर मला झोप लागणार नाही."

"सांगते," ती म्हणाली.

मोटारीच्या आवाजाने कॉरिन खाली आला. डोळे किलकिले, एका हाताने कठडा घट्ट धरलेला. "कोण होतं?"

"गेथिन. बस. शुक्रवारी काय झालं ते सांग."

"काम केलं. काय होणार?"

"पहिल्यापासून सांग. यंत्रापाशी तुझं डोकं आपटलं. मग?"

"मग..." तो खुर्चीत बसला. "मग लढलो आम्ही. मला एक सुचलं, ते केलं."

"काय सुचलं?"

तो एकदम उठला, सिंकवर वाकला आणि ओकला. पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. ग्लेनिसने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आगीचे जुने व्रण सदऱ्याखालून हाताला लागत होते.

"मला पडद्यावर बघून कळलं," तो सिंककडे बघतच म्हणाला. "त्यांनी टेक दाखवला ना, तेव्हा. आई, मी तिथे नव्हतोच. यंत्र दिसलं, मग एकदम माझ्या हातात टॉवेल होता आणि सगळे टाळ्या वाजवत होते. मधलं काही नाही." त्याने तोंड पुसलं. "पण काय सुंदर होतं ते! मी जन्मात इतकं चांगलं काम केलं नाही."

"आधीपण झालंय का असं? खोकी उगाच नाही आलेली."

"दोनदा. थोडं थोडं."

"उद्या नाही जायचं."

"एकच टेक आहे गं. उद्याचा एक. मग महिनाभर झोपतो, म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो."

"तुझ्या डोक्याला आधीच तडा गेलाय आणि तू ते चिनी मातीवर आपटून घेणार!"

"रबर आहे वर!"

"तूच पातळ करायला सांगितलंस!"

"कारण तोंड दिसणारे माझं!" तो ओरडला, आणि स्वतःच्याच आवाजाने त्याचा चेहरा दुखून पिळवटला. आवाज खाली आणून तो म्हणाला, "तू बोललीस तर नियम आहे. डोक्याला लागलं म्हणून एकदा कळवलं की हातात काम नाही, तपासण्या, कागद. ते थांबणार नाहीत माझ्यासाठी. दुसरा माणूस आणतील, पहिल्यापासून सगळं पुन्हा काढतील त्याच्याबरोबर. माझं तोंड कापून टाकतील, आई. आणि या वयात मला पुन्हा कोण घेतो?"

ग्लेनिसने हात पुसले आणि भिंतीवरच्या फोनकडे दोन पावलं टाकली.

तो मधे आला. त्याने तिचं मनगट धरलं आणि शिकलेल्या हाताने ते वळवलं. ती टेबलावर वाकली, गेथिनचा कप खाली पडून फुटला. तिच्या खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. वर तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, जोरजोरात, लाँड्रीत ऐकला होता तसाच. त्याचा दुसरा हात तिच्या मानेवर आला.

"कॉरिन," ती टेबलाच्या लाकडाशी म्हणाली. "कॉरिन, मी आहे."

पकड सुटायला एक क्षण जास्तच लागला. त्या क्षणात आपला मुलगा कुठे होता, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

मग तो मागे सरकला. स्वतःच्या हातांकडे, तिच्या मनगटावर उमटलेल्या लाल बोटांकडे, फुटलेल्या कपाकडे बघत राहिला. "मी काय केलं?" तो म्हणाला. विचारण्यात लाज होती, पण त्याहून जास्त खरोखरचा प्रश्न होता. आपण काय केलं हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

"काही नाही. वर जा. पड जरा."

"तू फोन करणार नाहीस ना?"

"वर जा, राजा."

तो गेला. जिन्यावर दोनदा थांबला. वरून पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला.

ग्लेनिसने ओव्हन बंद केला. कपाचे तुकडे गोळा केले. मनगट सुजायला लागलं होतं, ते तिने थंड पाण्याखाली धरलं. हे असं कधी झालं नव्हतं. या मुलाने जन्मात तिच्यावर हात उचलला नव्हता, चार वर्षांचा असताना हट्टातसुद्धा नाही. पडद्यावर शंभर माणसांना लोळवणारा हा मुलगा घरात शिरलेला कोळी कपात धरून बागेत सोडायचा.

ती सरळ हिशेब मांडू लागली, वर्गात फळ्यावर मांडायची तसा. फोन केला तर त्याचं तोंड जाणार. चौदा वर्षं पाठमोरा राहिलेल्या माणसाला एकदा समोरून बघायची संधी मिळाली होती, ती त्याच्या आईने हिसकावून घेतली असं तो म्हणेल, आणि ते खोटं नसेल. गाव म्हणेल, म्हातारीला पोराचं बरं बघवलं नाही. तो सामान उचलून जाईल. कदाचित तिच्या शेवटच्या आजारपणातही येणार नाही.

आणि फोन नाही केला तर उद्या सकाळी एक चांगल्या घरचा, साखर जास्त घालणारा पोरगा सगळ्या जगासमोर तिच्या मुलाचं डोकं सिंकवर आपटेल, त्यानेच सांगितलं म्हणून, हात न राखता. पाच मिनिटांचं तोंड पडद्यावर कायमचं राहील. त्या तोंडामागचा माणूस राहील की नाही, ते कुणी विचारणार नाही. टाळ्या वाजतील.

आईवर आयुष्यभर राग धरायचा म्हटला, तरी त्यालाही डोकं शाबूत लागतं.

लेस या वेळी बायकोबरोबर जेवायला बसला असेल हे तिला माहीत होतं. रविवारी जेवताना फोन उचलायचा नाही, असा त्याच्या घरचा दंडक होता. तो फाइट मास्टर होता आणि एकदा कानावर आलं की त्याला गप्प बसता येणार नव्हतं, हेही तिला माहीत होतं. म्हणून तर दुसऱ्या कुणाला नाही. दुखऱ्या हाताने तिला रिसीव्हर धरवेना. तिने तो डाव्या हातात घेतला, खांद्याने कानाशी दाबला आणि नंबर फिरवला. वर फळी करकरली. तो जागा होता, ऐकत होता. तिने आवाज खाली केला नाही.

बऱ्याच वेळाने पलीकडे कुणीतरी वैतागून उचललं.

"लेस, मी ग्लेनिस," ती म्हणाली. "तोंडातला घास गिळ आणि नीट ऐक. कॉरिनचं आहे."